यशराजचं बाथरूम आणि ताईची नोकरी

कोपरखैरणे,
३ मे १९९९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. त्यातलं ‘विशेष’ तेवढं गाळून वाच, कारण विशेष असं काहीच घडत नाहीये आणि त्याचाच मला वीट आलाय.

मस्कतच्या शाळेचा मेल अजून नाही. रोज तुर्भ्याहून ऑफिस सुटून घरी आले की हातपाय धुवायच्या आधी कॉम्प्युटर लावते. तो मेला मोडेम आधी घसा खाकरतो, मग किंचाळतो, मग निम्म्या वेळा लाइनच तुटते. एकदाचा लागला आणि इनबॉक्स उघडला की समोर तेच शिळं. अमेरिकेतल्या आमच्या यशराज भाऊजींचे फोटो, त्याखाली पुन्हा त्यांचेच फोटो, मध्येच कुणीतरी पाठवलेला विनोद, तोही घाणेरडा. शी! तुझ्या नावाचं एक अक्षर नाही.

मुलाखत झाली तेव्हा त्या मुख्याध्यापिका बाई काय म्हणाल्या होत्या? पंधरा दिवसांत मेलवर कळवते. वाशीच्या त्या हॉलच्या पायऱ्या उतरताना तू माझा हात असा धरलास की माझं घड्याळ मनगटात रुतलं. तू हसत होतीस ताई. दाजी गेल्यापासून तुला मी तसं हसताना पाहिलं नव्हतं. आणि आता या बाई ढिम्म! मी तुझ्या नावानं दोन मेल टाकून विचारलं. आमच्याकडून जातंय सगळं व्यवस्थित, उत्तर मात्र नाही. फोन करायची सोय नाही, कारण जो फोन करेल त्याचं नाव कापीन असं त्यांनीच बजावलंय. एवढी मोठी शाळा, आणि साधी रीतभात नाही. मला तर वाटतं या लोकांनी आधीच कुणाला तरी घेतलेलं असतं आणि मुलाखतीचं नाटक करतात.

बाकी इथलं ठीक. हे रोज जासईच्या कंटेनर यार्डातून धूळ खाऊन येतात आणि माझ्यावर खेकसतात. कंपन्यांनी कसलासा वास सोडलाय, खिडकी उघडली की डोळे चुरचुरतात. सासूबाई मजेत आहेत.

पत्र नेहमीसारखं तुझ्या शाळेतल्या मालतीबाईंच्या घरच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे तुझ्या त्या दिरांच्या हाताला लागायचं नाही. तुझं खुशालीचं चार ओळींचं का होईना पत्र टाक. प्रेम आहेच, धीर मात्र संपत आलाय.

तुझी,
उज्वला


रहिमतपूर,
९ मे १९९९

चि. सौ. उज्वला हीस,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास राग आवरण्यासाठी. पत्र मिळालं. मालतीबाई शाळेच्या ऑफिसातून फायली घ्यायच्या निमित्तानं आल्या आणि पदराखालून काढून दिलं. वाचून हसू आलं आणि नंतर नाही आलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी एकदा लिहू दे, लिहिलं की मन हलकं होतं. हे गेल्यापासून मी दिरांच्या, हौसेरावांच्या, शाळेत इंग्रजी आणि विज्ञान शिकवते. पगाराच्या कागदावर सही माझी असते, पगार मी बघत नाही. विचारलं तर घरचीच आहेस, तुला काय कमी आहे, असं हौसेराव म्हणतात. ते माझी पत्रं फोडतात. तंबाखू मळलेल्या नखानं फोडतात, म्हणून पाकिटावर चुन्याचा डाग असतो. वाचून झालं की तेच पाकीट हसत हसत माझ्या हातात देतात. म्हणून तर मस्कतच्या अर्जात पोस्टानं काही पाठवू नका, मेलवरच कळवा, असं लिहिलं होतं. आता जूनपासून मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाकही माझ्याकडं देणार असल्याचं कानावर आलंय. मस्कत झालं तर मी सुटले. नाही झालं तर मी इथंच संपले, उज्वला. यात काही वाढवून लिहिलेलं नाही.

पण तू त्या बाईंना उगाच बोल लावू नकोस. ज्यांनी मुलाखतीत माझ्या अर्जातला चुकीचा स्वल्पविराम दाखवून दिला, त्या बाई उत्तर न देणाऱ्यातल्या नव्हेत. तू पाठवतेस ते जातं हे ठीक, पण तुझ्याकडं नवं काही येतं तरी का? शेवटचं कधी आलं? यशराजचे फोटो शिळे आहेत असं तूच लिहितेस, म्हणजे ताजे फोटोही येईनासे झालेत. जो माणूस दर आठवड्याला फोटो पाठवतो तो अचानक कसा सुधारला? दुसऱ्याच्या मशीनवरून स्वतःलाच एक मेल टाकून बघ.

सासूबाईंना नमस्कार. उदयसिंहांना म्हणावं, बायकोवर खेकसण्याआधी तिनं केलेला चहा प्यावा, नंतर खेकसायला जोर येतो. आहे ती माया तशीच राहू दे आणि उत्तर लवकर धाड.

तुझी ताई,
राजेश्वरी


कोपरखैरणे,
१७ मे १९९९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तू मास्तरीण आहेस हे मी विसरले होते. तुझं बरोबर निघालं. ऑफिसच्या मशीनवरून मी घरच्या पत्त्यावर मेल टाकला, नुसतं ‘उज्वला, जिवंत आहेस का’ एवढंच. नाही आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला, तोही नाही. म्हणजे आमच्याकडं कुणाचंच काही येत नाही आणि आम्ही मस्कतला शिव्या घालत बसलोय!

मग ह्यांनी दुरुस्ती काढली. सगळ्यात आधी टेलिफोनची वायर बदलली. मग मोडेमला पंख्यासमोर ठेवलं, तापतो म्हणे. मग पासवर्ड बदलला, आणि बदललेला विसरले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. लाइनमनला बोलावलं, तो खांबावर चढला, उतरला आणि लाइन एकदम क्लिअर आहे म्हणून चहा पिऊन गेला. मी नुसती बघत होते. डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी उलगडा कुणी करावा? यशराज भाऊजींनी! त्यांचा अमेरिकेहून फोन आला, आणि तो रुसून आलेला. म्हणाले, महिना झाला, माझे फोटो परत येतायत, तुम्हाला नको असतील तर स्पष्ट सांगा. मशीन त्यांना इंग्रजीत सांगतं की या माणसाचा डबा भरलाय, जागा नाही. आणि हे शहाणे भाऊजी महिनाभर मनात कुढत बसले, एक फोन करायला त्यांना महिना लागला!

मग मी गावठाणातल्या हरेशला बोलावलं. त्याचं रिक्षास्टँडाजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. आगरी माणूस, मोकळा गडी. त्यानं बसल्या बसल्या सांगितलं की वहिनी, टेन्शन नको, मशीनला काय बी नाय झालेला, डबाच फुल हाय. ज्या कंपनीचं आपलं कनेक्शन आहे तिच्या बेलापूरच्या ऑफिसात आपल्या नावाचा एवढासा डबा असतो. आलेलं सगळं तिथंच राहतं, आपण वाचलं तरी राहतं. तो भरला की नवीन येणारं सगळं दारातूनच परत जातं. तुझी मस्कतची चिठ्ठीही तशीच परत गेली असणार. तीही आणि माझ्या दोन मेलना आलेली उत्तरंही.

आणि डबा भरलाय कशानं, ऐक. भाऊजींनी नवीन कॅमेरा घेतलाय, त्यातून फोटो सरळ कॉम्प्युटरात जातो. त्यांनी घर घेतलं. घराचे फोटो समजू शकते. पण बाथरूमचे अकरा फोटो? टब बाजूनं, टब वरून, कमोड झाकण लावून आणि कमोड झाकण उघडून! रंगवार लावलेले टॉवेल. गवत कापायच्या मशीनचे तीन. आणि हे सगळं सासूबाई भिशीच्या बायकांना सरबत देऊन दाखवतात. मला ओकारी येते ताई. माझ्या बहिणीचं आयुष्य दाराशी ताटकळतंय आणि आत कोण बसलंय, तर माझ्या दिराचा कमोड.

मी सगळं डिलीट करायला बसले तर सासूबाई आडव्या आल्या. त्या ढिगात त्यांच्या नातवाचेही फोटो आहेत, दोन दात आलेला, टोपी घातलेला. एकुलता एक नातू, अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. ते जाऊ दे, पण मी फोटो पुसते असं म्हटलं म्हणून त्या भडकल्या. लेकराचे फोटो पुसते असं तोंडातून काढू नये म्हणे, अशुभ असतं. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो, नारळ वाढवतो, तसं हेही वाढवते म्हणावं. बरं बाई, वाढवते! मग आम्ही दोघी बसलो आणि एकेक कमोड वाढवला. तेवढ्यात लाइट गेली. परत आल्यावर बघते तर काही वाढलेलं नाही, मध्येच लाइन तुटल्यानं सगळे कमोड जागच्या जागी. पुन्हा पहिल्यापासून बसायला माझ्यात त्राण नव्हतं.

मस्कतचं उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर मागवावं तर तिथले मेल साहेब आधी उघडतात. हरेश म्हणतो कंपनीला थोडे पैसे भरले तर डबा मोठा करून मिळतो. तुझं काय मत? मला तर सगळं उचलून खाडीत फेकावंसं वाटतंय. राग तुझ्यावर नाही, तेवढं मनात धर आणि लोभ होता तितका ठेव.

तुझी,
उज्वला


रहिमतपूर,
२३ मे १९९९

चि. सौ. उज्वला हीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मी आणि मालतीबाई इतक्या हसलो की शिपाई डोकावून गेला. झाकण उघडून आणि झाकण लावून, हे मात्र यशराजनं फारच केलं.

तुझ्या सासूबाईंचा तो शब्द मला चांगला ठाऊक आहे. ह्यांना नेलं त्या दिवशी चार बायकांनी माझे हात धरून बांगड्या फोडल्या. फोडताना प्रत्येक जण वाढवल्या, वाढवल्या म्हणत होती. मनगटातून रक्त आलं तरी शब्द तोच. तेव्हापासून या गोड शब्दांची मला शिसारी आहे. फोडलं तर फोडलं म्हणावं, पुसलं तर पुसलं म्हणावं. पण हे त्यांना सांगू नकोस. त्यांचा त्यात काही दोष नाही, त्या नातवासाठी म्हणतात आणि मनापासून म्हणतात.

म्हणून सांगते, फोटोंवरून घरात वाद नको. हरेशला सरळ डबा वाढवून द्यायला सांग. जपून ठेवलेले थोडे पैसे मी मालतीबाईंच्या भाच्याबरोबर पाठवते, नाही म्हणू नकोस.

इथं एक चमत्कारिक प्रकार चाललाय. आमचे दीर माझ्याशी एकदम गोड वागायला लागलेत. परवा माझ्यासाठी साडी आणली, राखाडी रंगाची, अंगाला टोचणारी. जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले की आमची राजेश्वरी या घराला सोडून कधी जायची नाही, तिच्यावर आमचा विश्वास आहे. आणि माझ्याकडं बघत बोटं चाटत राहिले. हे मध्येच कुठून काढलं कळेना. तू लवकर काय ते कर. शाळा उघडायला आता फार दिवस नाहीत, आणि मस्कतवाले तरी किती थांबतील?

सगळ्यांना यथायोग्य. तुझ्या मायेवरच इथले दिवस ढकलतेय, ती कमी पडू देऊ नकोस.

तुझी ताई,
राजेश्वरी


कोपरखैरणे,
३१ मे १९९९

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे. तू मस्कतला नकार कळवलास का? कळवला असशील तर मला न सांगता का कळवलास?

आता झालेलं सांगते. तुझं पत्र आलं, मी हरेशला सांगितलं, तो दुपारी येतो म्हणाला. दुपारी मी ऑफिसात. म्हणून कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली, ‘हरेश, इनबॉक्स वाढवायचा आहे’. सरळ मराठी. पण हरेश आला तर घरात सासूबाई. त्यानं वाचून दाखवलं. आता आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ काय झालाय तो त्याला बिचाऱ्याला काय माहीत? त्यानं पैसे भरून डबा मोठा करायचा काढला, तर सासूबाईंनी त्याला थांबवलं. म्हणाल्या की आमच्यात वाढवणं म्हणजे पुसणं, सून आता कुठं नीट बोलायला शिकलीय, तिनं लिहिलंय तसं कर. त्यानं दोनदा विचारलं म्हणे, काकी, सगला? त्या म्हणाल्या, सगळं. मग त्या उठल्या, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, नातवाचा टोपीवाला फोटो एकदा डोळे भरून बघितला आणि हरेशला वाढव म्हणाल्या. एका मिनिटात डबा रिकामा.

मी आल्यावर हे ऐकून अशी भडकले की विचारू नकोस. नको ते बोलले. मग सासूबाई म्हणाल्या की अगं, तुझ्या बहिणीचं काम अडलंय म्हणून तूच लिहिलंस असं वाटलं, तिच्यापुढं फोटोंचं काय, नातू मी पुढंमागं बघेन. ताई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याजवळ बसून राहिले नुसती. जेवायचंही सुचलं नाही.

आणि काल संध्याकाळी मेल आला! रिकाम्या डब्यात पहिलाच, मस्कतच्या मुख्याध्यापिका बाईंचा. मी ओरडलेच. मग वाचला आणि पुन्हा वाचला.

त्या लिहितात, तुमची निवड झाली आणि आम्ही दोनदा मेल पाठवला, दोन्ही वेळा परत आला. म्हणून तुमची सूचना असूनही नाइलाजानं नेमणुकीचं पत्र पोस्टानं तुमच्या कायमच्या पत्त्यावर पाठवलं. त्यावर तुमचं उत्तर मिळालं की घरगुती जबाबदारीमुळं नोकरी स्वीकारता येत नाही, क्षमस्व. आम्हाला वाईट वाटलं. पण एक शंका आहे. अर्जावर आणि मुलाखतीच्या कागदावर तुमची सही राजेश्वरी जगताप अशी आहे. नकाराच्या पत्रावर जी. बी. राजेश्वरी जगताप अशी आहे. ही जी. बी. अक्षरं तुमच्या कुठल्याच प्रमाणपत्रावर नाहीत. तरी हे पत्र तुम्हीच लिहिलंत का, एवढं पंधरा तारखेच्या आत कळवावं, नंतर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाईल.

कोण गं ही जी. बी.? दाजींचं नाव व-नं सुरू होतं, आपल्या आप्पांचं द-नं. मला तर काहीच उमगेना. तू घाबरून नकार दिलास की काय, त्या साडीनं विरघळलीस की काय, नाही नाही ते मनात आलं. ऑफिसात चलनं भरताना दोनदा चुकले. मला खरं सांग आणि ताबडतोब सांग. उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला आहे, बाकी लोभाचं नंतर बघू.

तुझी,
उज्वला


रहिमतपूर,
५ जून १९९९

चि. सौ. उज्वला हीस,

अनेक आशीर्वाद. मी नकार दिलेला नाही. मला नेमणुकीचं पत्रच मिळालेलं नाही. ते कुणाला मिळालं हे तुलाही आता कळलं असेल.

जी. बी. म्हणजे गंगाभागीरथी, बाई. गं. भा. हे गेले आणि तेराव्याच्या आत हौसेरावांनी माझ्या नावामागं ते चिकटवलं. शाळेच्या हजेरीपटावर, पुतणीच्या लग्नपत्रिकेत, सगळीकडं गं. भा. राजेश्वरी. मी स्वतः आजवर एकदाही तसं लिहिलेलं नाही, आणि हे त्यांना माहीत आहे. माझ्या नावानं खोटं पत्र लिहायला बसले, इंग्रजी बेतशीर लिहिलं, सहीही माझ्यासारखी काढली असेल. पण विधवेचं नाव नुसतं लिहायला त्यांचा हात धजेना. इंग्रजीत सुद्धा! मस्कतला बसून परकी बाई विचारते की हे जी. बी. कोण, आणि इथं बी. ए. झालेल्या माणसाला ते खटकत नाही.

तुझं पत्र मिळालं त्या रात्री संस्थेची चार मंडळी जेवायला होती. मी आमटी घेऊन उभी होते. मी हौसेरावांना सगळ्यांसमोर विचारलं की गंगाभागीरथीला इंग्रजीत काय म्हणतात, मला मस्कतच्या बाईंना कळवायचंय. त्यांचा हात ताटातच थांबला. मग हसले. तेच हसू. म्हणाले की बाईमाणसानं परमुलखात एकटं जाणं बरं दिसत नाही, तुझ्या भल्यासाठीच केलं, आम्ही काय तुझे वैरी आहोत? चार मंडळींपैकी दोघांनी मान डोलावली. उज्वला, मला त्या ताटांचा, त्या माना डोलावणाऱ्यांचा, त्या घराच्या भिंतींचा इतकी किळस आली की आमटीचं भांडं तिथंच खाली ठेवलं. मी म्हणाले, माझी मूळ सर्टिफिकिटं शाळेच्या कपाटात आहेत, ती उद्या सकाळी मला हवीत, या चौघांनी ऐकलंय. पाहुण्यांपुढं त्यांना नाही म्हणता येईना. सकाळी मालतीबाईंनी कपाट उघडून दिली. त्या शाळेबाहेर येऊन रडल्या, मी नाही रडले. मला फक्त आंघोळ करावीशी वाटत होती.

मस्कतला माझ्या नावानं लिही की नकार माझा नव्हता आणि मी येते. मी दहा तारखेच्या एसटीनं तुझ्याकडं निघतेय. जागा करून ठेव, आणि सासूबाईंना सांग की त्यांना नमस्कार करायला येतेय. तुझ्या मायेचं हे आता एवढंच मागणं.

तुझी ताई,
राजेश्वरी


कोपरखैरणे,
१० जून १९९९

सौ. मालतीबाईंना,

सा. न. ताई वाटेत असेल, म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुमच्याशिवाय हे कुणाला कळवायचं?

ताईचं पत्र वाचल्या वाचल्या मी मेल टाकला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, डबा रिकामा असल्यानं सरळ आत आलं. ताईची नोकरी पक्की आहे. जुलैच्या सुरुवातीला हजर व्हायचंय. तिकीट शाळाच पाठवणार. मुख्याध्यापिका बाईंनी शेवटी लिहिलंय की तुमच्याकडं पुन्हा जागा भरली तर आम्हाला आधी कळवा. मी त्यांना इतक्या शिव्या दिल्या होत्या, आता भेटल्या तर पाया पडेन.

सासूबाईंनी आनंदानं शेजारी पेढे वाटले. यशराज भाऊजींनी नातवाचे फोटो पुन्हा पाठवायचं कबूल केलंय, पण ह्यांनी त्यांना फोनवर दरडावलंय की एका वेळी एकच, आणि कपडे घातलेल्या माणसाचाच. तुमच्या त्या हौसेरावांचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं, म्हणून काढत नाही. तुम्ही तिथं जपून राहा. त्यांचा राग तुमच्यावर निघेल अशी भीती वाटते. निघालाच तर आमचं दार उघडं आहे. आम्हाला तुमची आठवण राहील, तुम्हीही आम्हाला विसरू नका.

आपली,
उज्वला


कोपरखैरणे,
१ जुलै १९९९

श्री. हौसेराव जगताप यांस,

नमस्कार. खुशाली विचारायची रीत आहे, पण मला ती जाणून घ्यायची नाही, म्हणून विचारत नाही.

मी उद्या मस्कतला जाते. आठवीचे पेपर तपासून मालतीबाईंकडं दिले आहेत. नववीच्या विज्ञानाच्या प्रयोगाचं सामान डाव्या कपाटात आहे, त्यातली दोन चंचुपात्रं तडकलेली आहेत, मुलींच्या हाती देऊ नयेत. माझ्या जागी ज्या बाई घ्याल त्यांना पगार द्या, त्या घरच्या नसतील. वसतिगृहाच्या स्वयंपाकाला माणूस लावा. तुम्ही आणलेली साडी खुंटीवरच ठेवली आहे.

मालतीबाईंना या प्रकरणात काही बोलाल तर तुमचं ते इंग्रजी पत्र मस्कतहून मागवून संस्थेच्या सगळ्या सभासदांना पाठवीन. मुख्याध्यापिका बाईंनी ते जपून ठेवलं आहे.

तुमच्या घरात मी नऊ वर्षं राहिले. त्यातली चार ह्यांच्याबरोबर, ती चांगली होती आणि ती मी बरोबर नेते. बाकीच्यांबद्दल तुमच्याशी बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमचा लोभ आजवर झाला तेवढा पुरे.

खाली माझी सही आहे. नीट बघून ठेवा. माझं नाव एवढंच आहे.

राजेश्वरी जगताप